पिवळं फूल काळं का पडतं

गेल्या जुलैत बर्लिनच्या प्रीस्टरवेग स्थानकावर उतरून शेजारच्या जुन्या रेल्वे यार्डात शिरलो. १९५२ साली तिथली गाड्यांची ये-जा थांबली. पुढची पाच दशकं तिथे जे उगवलं ते उगवू दिलं गेलं आणि २००० साली ती जागा उद्यान म्हणून लोकांना खुली झाली. रुळांमधल्या खडीत माती म्हणावी अशी नव्हतीच. त्या खडीतून माझ्याहून हातभर उंच, सरळसोट दांडा वर आलेला आणि त्यावर पिवळीधमक फुलं. जर्मन लोक याला 'कोएनिग्सकेर्त्से' म्हणतात, म्हणजे राजाची मेणबत्ती. शास्त्रीय नाव वर्बॅस्कम.

पान दोन बोटांत धरलं की जुन्या घोंगडीचा तुकडा धरल्यासारखं वाटतं. पहिल्या वर्षी हे झाड जमिनीलगत नुसतं पानांचं चक्र पसरून बसतं. दुसऱ्या वर्षी दांडा काढतं, फुलतं, लाखभर बिया टाकतं आणि मरतं. रेताड नदीकाठ, दगडखाणी, रेल्वेची खडी, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा या त्याच्या आवडीच्या जागा. ऊन आणि मोकळी जमीन मिळाली की बस्स. गर्दी मात्र चालत नाही. गवत दाटलं, झुडपं वाढली की ते मागे हटतं आणि बी मातीत वाट पाहत राहतं. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ साली निरनिराळ्या तणांचं बी बाटल्यांत भरून पुरलं होतं. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तेव्हा उगवलं ते याच प्रजातीतलं बी.

आपल्या वाचकांपैकी निम्मे औषधी वनस्पती पिकवणारे, उरलेले वैद्य नाहीतर व्यापारी. त्यांचा प्रश्न मला ठाऊक आहे: हे फुकट उगवतं, मग जर्मन औषधी दुकानात याच्या वाळक्या फुलांना एवढा भाव का?

उत्तर मिळालं बव्हेरियातल्या एका शेतकरी बाईंकडे. तिकडे १५ ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, औषधी वनस्पतींची जुडी चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात आणि जुडीच्या मधोमध हा दांडा असतो. पण त्यांचा धंदा फुलांचा. प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं, तेही पहाटे उमलून दुपारनंतर मान टाकतं. दांड्यावरची सगळी फुलं एकदम उमलत नाहीत. आज चार, उद्या सहा. म्हणून रोज सकाळी, दंव उडाल्यावर, प्रत्येक झाडाशी जायचं आणि पाकळ्या पुंकेसरांसकट अलगद ओढून घ्यायच्या. हिरवा निदलपुंज झाडावरच राहिला पाहिजे. मग जाळीवर एकाच थरात पसरून लगेच वाळवायचं, कुरकुरीत झालं की हवाबंद बरणीत. बरणीत ओल शोषणारी पुडी हवीच.

मला त्यांनी मूठभर वाळकी फुलं दिली. मी शहाण्याने ती कागदी पुडीत बांधून बॅगेत टाकली. वाटेत पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी पुडी सोडली तर आत तंबाखू! फुलातले इरिडॉइड वर्गातले घटक ओल लागली की मोडतात आणि रंग काळपट होतो. युरोपीय औषधकोशात वर्बॅस्कमच्या तीनच जातींची फुलं मान्य आहेत आणि तपकिरी पाकळ्या किती चालतील यालाही मर्यादा आहे. पिवळा रंग ही तिथे शोभेची बाब नाही, माल नीट वाळवल्याची खूण आहे. औषध म्हणून दावा मात्र माफक: सर्दी आणि कोरड्या खोकल्यात दुखणारा घसा, तोही परंपरेच्या आधारावर. काढा फडक्यातून गाळायचा, नाहीतर पुंकेसरांवरची लव घशाला टोचते.

लागवडीची घाई कुणी करू नये. हिमाचल, उत्तराखंडात हीच वनस्पती रानोमाळ आहे, 'गीदड तंबाखू' म्हणतात. तिची छोटी बहीण आपल्याकडे नदीपात्रात, ओलसर शेतांत दिसते. पुरंदरच्या वनस्पतींवर काम करताना फादर सांतापाव यांनी तिला वर्बॅस्कममध्ये आणलं. ती औषधकोशातल्या तिघींपैकी नव्हे, तेव्हा फुलं पिवळी दिसली म्हणून तिची पोती भरू नका. चालू रुळांच्या कडेचा माल तर कुणीच गोळा करू नये. तणनाशक आणि जड धातू चहात उतरतात.

हे सगळं सांगितलं ते आपल्या धायटीसाठी, तिच्या फुलांचंही असंच होतं. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडाशी बायामाणसं उन्हात फिरून ती फुलं खुडतात. पुढे ती शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा थेट डांबरी रस्त्यावर वाळतात, गोणीत दाबली जातात आणि आसवं करणाऱ्यांकडे पोचेपर्यंत तांबडा रंग विटलेला असतो. खुडणारीला किलोवर पैसे मिळतात, म्हणून ओल असलेला माल तिला परवडतो आणि दोष तिच्याच माथी येतो. रंग आणि कोरडेपणा पाहून जादा भाव देणारा व्यापारी आमच्या यादीत अजून एकच आहे. त्याने खुडणाऱ्यांना बांबूच्या जाळ्या स्वतःच्या पैशाने करून दिल्या.

यंदाच्या हंगामात ज्यांनी धायटी वाळवली असेल त्यांनी मूठभर फुलं काचेच्या बरणीत घालून कार्यालयात पाठवावीत. खुडल्याची तारीख, कशावर वाळवलं आणि किती दिवस, एवढं चिठ्ठीवर लिहा. माझी काळी पुडी शेजारी ठेवलेली आहेच.