‘कमळ, ३ अक्षरे’ किती दिवस चालवणार?

दिवाळीत पाहुणे जमले की आमच्या घरी शब्दकोडे निघते. उभा शब्द ६ : कमळ, ३ अक्षरे. पंकज म्हणावे, सरोज म्हणावे की नीरज? तिन्ही बसतात, आडवा शब्द सुटेपर्यंत पेन्सिल चावत बसायचे. याला कोडे म्हणायचे की समानार्थी शब्दांचा गृहपाठ? गृहपाठ मी वर्षभर तपासतोच.

इंग्रजांनी हा कंटाळा कधीच झटकला. १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका पत्रात आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे आले, ते साध्या अर्थांचेच होते. पण १९२६ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये पॉविस मॅदर्स यांनी ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावाने निखळ कूट सूत्रे घातली. सूत्राच्या एका टोकाला सरळ अर्थ, उरलेल्या भागात शब्दाची मोडतोड. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आले की शंकेला जागा उरत नाही.

“मराठीत हे जमायचे नाही, काना-मात्रा आड येतात,” असे आमचे विद्वान सांगतात. साफ चूक! अक्षर हा घटक धरा, काना त्याच्याबरोबर जातो. वाल्या कोळी ‘मरा मरा’ म्हणत रामापर्यंत पोहोचला, तो काय इंग्रजी शिकून? आता हे पाहा. ‘अंगणातला सडा उलटला तर चावतो’ : डास. ‘कागद वाचताना मध्येच सापडलेले औषध’ : दवा, ‘द’ पहिल्या शब्दाच्या शेवटी, ‘वा’ दुसऱ्याच्या आरंभी. ‘मोटारीला दिवस जोडला की बंदर येते’ : कारवार.

मोरोपंतांनी ओठाला ओठ न लावता म्हणता येणारे निरोष्ठ रामायण रचले, ते याच भाषेत. तिथे श्लेष आज व्याकरणाच्या प्रश्नातल्या २ गुणांपुरता उरला असेल, तर दोष भाषेचा नव्हे, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे.

अशी २० सूत्रे मी एका दैनिकाला पाठवली होती. “वाचकांना झेपणार नाही,” या शेऱ्यासह ती परत आली. कोणत्या वाचकांना? आमची मुले घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलतात. एका उच्चाराचे दोन अर्थ ती दिवसभर तोलत असतात. परत आलेल्या कागदातले एक सूत्र मी आठवीच्या फळ्यावर लिहिले : ‘कानडी कापूस आमच्याकडे सोंड हलवतो, २ अक्षरे.’

खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, “हत्ती, सर!”