एक दशांश अश्वशक्तीचा जमाखर्च

हातापायांच्या बळावर चालणारी कृषी अवजारे घडविणाऱ्या आमच्या वाचकांना मिनिटास ३३,००० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ७४६ वॉट, हे जेम्स वॉटने रूढ केलेले अश्वशक्तीचे परिमाण मुखोद्गत असणारच. परंतु त्या परिमाणाने मनुष्यदेहाचे मोजमाप करावयाचे झाल्यास ‘किती शक्ती’ या प्रश्नाला ‘किती वेळ’ या प्रश्नाची जोड दिल्यावाचून उत्तरास काहीच अर्थ उरत नाही, ही गोष्ट आराखडा काढताना आपल्या धंद्यात वारंवार नजरेआड होते, असे आम्हांस स्पष्टपणे नमूद करावेसे वाटते.

कसलेला सायकलपटू शर्यतीच्या अखेरच्या झेपेत काही सेकंदांपुरती दोन अश्वशक्तींहून अधिक शक्ती प्रकट करतो, तोच तासभराच्या परिश्रमात अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास स्थिरावतो, आणि दिवसाचे आठ तास राबणाऱ्या निरोगी मजुराच्या हिशेबी तर एक दशांश, म्हणजे सुमारे ७५ वॉट, एवढीच धरावी लागते. स्नायूंत साठविलेली फॉस्फेटयुक्त संयुगे काही सेकंदांत खर्ची पडतात, प्राणवायूवाचून होणारे शर्करेचे विघटन मिनिट-दोन मिनिटे साथ देते, आणि त्यापुढे हृदय व फुप्फुसे जेवढा प्राणवायू पुरवतील तेवढ्यावरच सारा कारभार चालवावा लागतो. ही मर्यादा जाणणाऱ्या अभिकल्पकाचा दाखला म्हणून पॉल मॅक्रेडी यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांच्या ‘गॉसमर अल्बट्रॉस’ या विमानात बसून ब्रायन ॲलन यांनी १२ जून १९७९ रोजी केवळ पॅडल मारून २ तास ४९ मिनिटांत इंग्लिश खाडी ओलांडली. ते साधले ते माणसाचे बळ वाढवून नव्हे, तर विमानाचे वजन सुमारे ३२ किलोवर आणून त्याची गरज त्या बळाच्या आवाक्यात बसविल्यामुळे.

आठ तासांच्या ७५ वॉटची बेरीज ०.६ किलोवॉट-तास, म्हणजे विजेच्या मीटरवरील एक युनिटही भरत नाही. स्नायूंची कार्यक्षमता फार तर २० ते २५ टक्के असल्याने तेवढ्या कामासाठी नित्याच्या निर्वाहाखेरीज दोन हजारांहून अधिक किलोकॅलरी अन्न लागते, आणि उरलेली सारी ऊर्जा उष्णतारूपाने बाहेर पडावी लागते. निव्वळ या कष्टाच्या उष्णतेचा निचरा घामावाटे व्हावयाचा तर ताशी सुमारे एक तृतीयांश लिटर घाम अंगावरून सुकावा लागतो. तेव्हा वैशाखातील उन्हात, किंवा भातखाचरातील दमट हवेत, हा दशांशही पुरता हाती लागेल असे गृहीत धरणे धाडसाचे होय.

पाच मीटर खोलीवरून पाणी उपसण्यास ७५ वॉट लावले आणि पंपाची निम्मी कसर वजा घातली, तर ताशी सुमारे २,७०० लिटर पाणी वर येते; याहून मोठा आकडा दिवसभराच्या उपशाचा म्हणून जाहीर करणाऱ्याने तो कोणाच्या जिवावर केला, याचा खुलासा करावयास हवा. कडबाकुट्टीचे जड चाक पेंढी कापण्याच्या क्षणीचा ताण सावरते खरे, तथापि ते सरासरी शक्तीत कणाचीही भर घालीत नाही, आणि अवजड चाकाने मजुराची दमछाक लपते, टळत नाही. हातांपेक्षा पायांचे स्नायू मोठे असल्याने दीर्घ कामात पायांची योजना श्रेयस्कर ठरते. बांगलादेशात प्रसार पावलेल्या पायपंपाच्या यशाचे एक कारण तेच. शिवाय गती अति मंद असता जोर वाया जातो आणि अति शीघ्र असता जोरच लागत नाही, म्हणून दात्यांचे प्रमाण चालविणाऱ्याच्या सोयीच्या फेऱ्यांवरून ठरवावे.

कारखान्यातील तगडा फिटर पाच मिनिटे दांडा फिरवून जी चाचणी उत्तीर्ण करतो, ती चाचणीच नव्हे. अवजार ज्या बाया-माणसांच्या हाती जावयाचे, त्यांच्याच हाती ते ऐन हंगामात निदान दोन तास देऊन, त्यांच्या नाडीचे ठोके आणि निघालेले काम यांची नोंद दप्तरी करावी. त्याउपर यंत्रावरील पट्टीवर उत्पादनाच्या आकड्याशेजारी लागणारी शक्ती आणि ती टिकण्याचा अवधी छापण्याची तजवीज प्रत्येक कारखानदाराने करावी. ग्राहकाने तो अवधी वाचूनच मोबदला मोजावा, आणि तो ज्या पट्टीवर नसेल ते अवजार बिनदिक्कत परत करावे.