मुलं कोमेजली की आपण चूर्ण शोधतो



मागच्या आठवड्यात बसदीत अभिषेक आटोपल्यावर एका काकूंनी मला बाजूला घेतलं. त्यांचा नातू दहावीत आहे. "दोन महिने झाले गं, खोलीतून बाहेर येत नाही. बोललं की अंगावर येतो. तू मागे ते ब्राह्मीचं काहीतरी सांगत होतीस ना?" मी म्हटलं, "काकू, आधी डॉक्टरांना दाखवा." त्यांचा चेहरा पडला. "वेडाच्या डॉक्टरांकडे? तसलं काही नाही गं त्याला," म्हणाल्या आणि चप्पल घालून निघाल्या. तेव्हापासून मनात आहे, म्हणून लिहायला बसले.

मला काकूंचा राग आला नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मी अगदी अशीच होते.

माझ्या बहिणीची नात तेव्हा सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. (तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे.) घरभर बडबडणारी पोर हळूहळू गप्प झाली. रात्री जागी, दिवसा झोपलेली. मैत्रिणी सुटल्या, मार्क घसरले. दशलक्षण पर्वात तिने दहा दिवस उपवास केले. आम्ही किती कौतुक केलं! पारण्याला गावजेवण घालायचं तेवढं राहिलं होतं. पोरीला भूकच लागत नव्हती, हे आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

मग सुरू झाले घरगुती उपाय. मी अश्वगंधा चूर्ण दिलं, रोज दुधातून. आत्याने ब्राह्मीच्या गोळ्या आणल्या. शेजारच्या वहिनींनी सारस्वतारिष्ट दिलं. कुणीतरी ओमेगा-थ्रीची बाटली मागवली. अमेरिकेतल्या काकाने 'सेंट जॉन्स वर्ट' नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल पाठवल्या, तिकडे त्या दुकानात सहज मिळतात. चार महिने असेच गेले. एका रात्री ती आईला म्हणाली, "मला जगावंसंच वाटत नाही." त्यानंतर आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी सांगितलं, घरात जे जे देताय ते सगळं घेऊन या. आम्ही कापडी पिशवीतून पाच बाटल्या नेल्या. त्यांनी एकेक लेबल वाचलं. ते वाचन आम्ही आधीच करायला हवं होतं.

अश्वगंधेने थायरॉइडचं प्रमाण वाढू शकतं, क्वचित यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. तिच्यावरचे अभ्यास बहुतेक मोठ्या माणसांवर, थोड्या आठवड्यांचे. ब्राह्मीचं तेच, आणि ते अभ्यासही मुख्यतः स्मरणशक्तीचे. शिवाय बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. सेंट जॉन्स वर्टचा मोठ्यांच्या सौम्य नैराश्यात उपयोग दिसला आहे, पण ते नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर अंगाला कंप, ताप, छातीत धडधड असा गंभीर त्रास होऊ शकतो. दुसऱ्या कितीतरी औषधांचा असरही ते कमी करतं. म्हणजे झाडपाल्यात ताकद असते, आणि ताकद असते म्हणूनच तो बिनधोक नसतो. "आयुर्वेदिकच आहे, अपाय तर नाही ना" हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आले. आता बोलत नाही.

आता आपल्या आचाराचं बघा, इथे मला जास्त लाज वाटली. ओमेगा-थ्रीची ती बाटली माशाच्या तेलाची होती. काकाच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. आणि सारस्वतारिष्ट? आसव-अरिष्टं आंबवून करतात, त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. पारंपरिक कृतीत मधही पडतो. मद्य, मांस, मधाचा त्याग हे आपले मूलगुण. "डॉक्टरांच्या गोळीत काय असेल कोण जाणे" म्हणणाऱ्या आम्हीच हे सगळं न वाचता पोरीच्या घशात घालत होतो.

जी डॉक्टरांची गोळी टाळत होतो, तिच्याबद्दल विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. कॅप्सूलऐवजी साधी गोळी मिळते का, सूर्यास्ताआधी घेतली तर चालेल का, हे आम्ही नंतर विचारलं. डॉक्टर हसले नाहीत, रागावले नाहीत. तिची गोळी सकाळची बसवून दिली.

त्यांनी रक्तही तपासलं. बी-ट्वेल्व्ह फार कमी निघालं. हे आपल्या घराघरात आहे. हे जीवनसत्त्व भाजी-धान्यात नसतं. आपल्याला ते दूध-दह्यातूनच मिळतं, आणि आजकालची मुलं दूध बघून नाक मुरडतात. कमी पडलं की थकवा येतो, मन उदास होतं, लक्ष लागत नाही. स्पिरुलिनात बी-ट्वेल्व्ह असतं म्हणून जाहिरात करतात, पण त्यातला बहुतेक भाग माणसाच्या शरीराला उपयोगी पडत नाही, आणि शेवाळ आपल्याला वर्ज्यच. तेव्हा पूरक गोळी द्यायचीच तर आधी तपासणी करा. जे कमी असेल तेच, सांगितलेल्या मात्रेत द्या. अळशीची चटणी, अक्रोड, ताक खुशाल द्या. ते अन्न आहे. त्याला औषध मात्र समजू नका.

बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेऊन तिचा थकवा गेला, उदासी पूर्ण गेली नाही. त्यासाठी समुपदेशन आणि गोळ्या दोन्ही लागलं. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मुलांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं, हेही डॉक्टरांनी समजावलं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही.

मैत्रिणींनो, या आजाराबद्दल आपल्यात दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, हे आर्तध्यान आहे, स्वाध्याय करा, जाईल. दोन, असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, भोगून संपवायचा. मी पंडित नाही, पण एवढं कळतं की मधुमेहही कर्मोदयच, आणि आपण इन्सुलिन घेतोच की. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालताना आपण कर्मसिद्धांत आठवत नाही. मग मनाच्या दुखण्यालाच का? चार दानांत औषधदान आहे आणि अभयदानही आहे. घाबरलेल्या लेकराला "तू वेडी नाहीस, आजारी आहेस, आणि आम्ही आहोत" असं म्हणणं, याहून जवळचं अभयदान मला तरी सुचत नाही. णमोकार जरूर म्हणा, सामायिकाला शेजारी बसवा. आमची पोर आजही बसते. पण "तुझी श्रद्धा कमी पडते" असं तिला कधीही ऐकवू नका. तिच्या मनावर आधीच ओझं आहे.

खरं सांगू? आम्ही चूर्ण दिलं ते पोरीसाठी कमी आणि आमच्यासाठी जास्त. काहीतरी करतोय असं वाटायचं, आणि "लग्नाच्या वेळी काय सांगायचं" हा प्रश्न पुढे ढकलता यायचा. त्या ढकलण्याची किंमत तिने चार महिने भोगली. मी कॉमर्सची, हिशेब लगेच मांडते. या हिशेबात खर्चाची बाजू सगळी तिच्या नावावर होती.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. वैद्यांना माझा विरोध नाही. शिकलेले वैद्य नाडी बघून, वय बघून औषध देतात. विरोध आहे तो आत्या-मावशीच्या सल्ल्याने आणि मोबाइलवरच्या जाहिरातीने दिलेल्या डब्यांना. मूल दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास किंवा चिडचिडं असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील, तर डॉक्टरांकडे न्या. आधी घरच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. तिथे वैद्यांचं, घरचं, ऑनलाइनचं, सगळं औषध दाखवा, काही लपवू नका. आजारी मुलाच्या उपवासाचं कौतुक करण्याआधी त्याला भूक लागते का ते विचारा. आणि मूल जगण्याबद्दल तसं काही बोललं तर सकाळची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आमची पोर आता कॉलेजला जाते. कधीकधी अजून वाईट दिवस येतात, तेव्हा ती स्वतःच सांगते. अश्वगंधेचा डबा मी तेव्हाच टाकून दिला.

काकूंकडे उद्या संध्याकाळी जेवणाआधी जाणार आहे. ब्राह्मी नाही, डॉक्टरांचा नंबर घेऊन. त्या म्हणाल्या तर सोबतही जाईन.

उत्तम क्षमा.