बातमीत जात कुणाची येते?

पेपर हातात आला की आपण बायका आधी काय वाचतो? राशिभविष्य, निधनवार्ता आणि मग चोऱ्यामाऱ्या! पेण आणि रोह्याच्या आदिवासी वाड्यांवर जायला लागल्यापासून मी मात्र या चोऱ्यामाऱ्या जरा सावकाश वाचते. बँकेतल्या साहेबाने लाखोंचा अपहार केला, तर बातमीत त्याचं नाव येतं, हुद्दा येतो, जात येत नाही. चोर कातकरी किंवा पारधी असला की नावाच्या आधी जात, आणि तीही 'टोळी'सकट.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? पेणजवळच्या एका वाडीवरची बाई सहा वर्षं एका सोसायटीत धुणीभांडी करत होती. शेजारच्या बंगल्यात चोरी झाली आणि बातमीत संशय 'कातकऱ्यांवर' आला. दुसऱ्या दिवशी तिला दारातूनच परत पाठवलं. "ताई, काल मी त्यांच्या लेकराला खेळवत होते, आज मी चोर कशी झाले?" असं तिने मला विचारलं. चोर पुढे कोण निघाला, ते काही छापून आलं नाही. तिची चार घरांची कामं मात्र गेली. दिवाळीनंतर ती नवऱ्यामागे वीटभट्टीवर गेली आणि मुलीची शाळा सुटली.

हा शिक्का आजचा नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पारध्यांसारखे लोक 'विमुक्त' झाले. पण मथळ्यांतून कुठे झाले? आणि ज्या कातकऱ्याचं नाव घेताच आपण कडी लावतो, त्याच जमातीतला नाग्या कातकरी 1930 च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. हुतात्मा म्हणून आपल्याच जिल्ह्यात त्याला हार घालतात.

बरं, जात बदनाम होईल अशा रीतीने बातमीत तिचा उल्लेख टाळावा, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतच आहे. ती वाचतो कोण?

जात छापणं हा एक भाग झाला. पोलिसांच्या गोळीने माणसं मरतात, तेव्हा पहिल्या दिवशीची बातमी कुणाच्या तोंडची असते, हा प्रश्न मला त्याहून जड वाटतो. 11 जुलै 1997 आठवा. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक चिडून हमरस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. पोलिसांनी सांगितलं, जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, म्हणून गोळी चालवावी लागली. आपण दूर बसून पेपर वाचणारे, टँकर म्हटल्यावर आपल्यालाही ते पटलं. वस्तीतली माणसं सांगत होती की असं काही नव्हतं. पण त्यांचं ऐकायला कोण बसलं होतं? पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. 2009 मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणारे अधिकारी मनोहर कदम यांना जन्मठेप दिली, नंतर उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. टँकरची गोष्ट अजून लोकांच्या तोंडी आहे, आयोगाचा निकाल मात्र शंभरात दोघांना ठाऊक असेल तर नवल!

अमेरिकेतही हेच चालतं, फक्त तिथे जातीच्या जागी कातडीचा रंग. 25 मे 2020 ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा दाबला आणि तो मेला. पोलिसांचं पहिलं निवेदन काय होतं? तर 'वैद्यकीय घटनेत' मृत्यू! सतरा वर्षांच्या एका मुलीने मोबाईलवर सगळं टिपलं होतं, म्हणून जगाला खरं कळलं. 1997 मध्ये रमाबाई नगरच्या गल्लीत कुणाच्या हाती मोबाईल होता?

आणि बळी बाई असली तर? 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका आणि सुधीर, रोशन हे दोन मुलगे यांना गावकऱ्यांनी ठार मारलं. सुरुवातीच्या बातम्यांत कारण आलं ते 'अनैतिक संबंधां'चं. मेलेल्या बाईची अब्रूही बातमीने घेतली. तीनच दिवसांनी, 2 ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाला लाखो लोक जमले होते, त्यांतल्या बहुतेकांच्या कानावर ही गोष्ट गेलेली नव्हती. महिनाभराने लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे ती पहिल्या पानावर आली. 2012 मध्ये दिल्लीच्या मुलीसाठी सगळा देश रडला, ते योग्यच झालं. सुरेखा-प्रियंकासाठी महिना का लागला, एवढंच मी विचारते.

2019 मध्ये एका पाहणीत देशातल्या माध्यमांमधली 121 वरची पदं मोजली. त्यांतली 106 उच्चवर्णीयांकडे होती, दलित किंवा आदिवासी एकही नाही. मग वाडीवर फोन करून 'तुमचं काय म्हणणं' हे विचारायचं सुचणार कुणाला?

आता तर पेपरची वाटही कुणी बघत नाही, व्हॉट्सअ‍ॅप आहे. 'मुलं पळवणारी टोळी' असा मेसेज फिरला आणि 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. असे मेसेज पुढे पाठवण्यात आपण बायका काही मागे नसतो, मैत्रिणींनो.

रोह्याच्या आमच्या बचत गटात आम्ही हल्ली एक करतो. चोरीची बातमी मोठ्याने वाचायची आणि जातीच्या जागी वाचणारीने आपली जात घालायची. पहिल्यांदा हसू आलं सगळ्यांना. तिसऱ्या बातमीला एक जण म्हणाली, "अगोबाई, हे असं छापलं तर आमचे लोक पेपरच जाळतील." त्याच बैठकीत आम्ही संपादकांना पत्र लिहिलं, खाली एकवीस सह्या. चार ओळींचं उत्तर आलंय. त्या सोसायटीतल्या चोरीचं पुढे काय झालं, तेही आता विचारणार आहोत.