रोग्याचा परिचय

चांदणी चौकातील जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरात पाडला गेला आणि पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये तेथील नवा उड्डाणमार्ग वाहतुकीस खुला झाला. त्याआधीच, 2021 साली, मुळशी तालुक्यातील बावधन बुद्रुक पुणे महापालिकेच्या हद्दीत आले होते. ग्रामपंचायतीकडून महापालिकेकडे झालेले हे स्थित्यंतर सरकारी दप्तरांत जितक्या सुलभतेने नोंदले गेले, तितक्या सुलभतेने ते तेथील माणसांच्या देहांना व मनांना मानवलेले नाही, हे त्या परिसरात दवाखाना चालविणाऱ्या व्यवसायबंधूंना आम्ही सांगावयास नको. हिंजवडीच्या कचेरीतील काम घरी आणून अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्री जागणारा, वीस वर्षांच्या हप्त्यांवर सदनिका घेतलेला तरुण. वडिलोपार्जित जमीन विकून आलेला पैसा भावकीत वाटला गेल्यावर मोजणी, खातेफोड आणि दिवाणी दावा यांतच ज्याचे दिवस जातात असा गावठाणातील पन्नाशीचा खातेदार. आणि चार सोसायट्यांतील धुणीभांडी उरकून घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी स्त्री, ही तिन्ही माणसे एकाच बाकावर बसून आपली वाट पाहत असतात. ताणाची तक्रार त्यांपैकी कोणीही करीत नाही. त्यांच्या तोंडी येते ते पित्त, डोकेदुखी, पाठदुखी आणि फार तर ‘झोप नीट लागत नाही’ एवढेच.

ताणाचा देहव्यापार आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे, तथापि परीक्षेनंतर तो बहुधा विस्मृतीत जातो, म्हणून त्याची उजळणी अस्थानी ठरू नये. प्राण्यावर संकट आले असता ॲड्रेनॅलिनच्या योगे हृदयाची गती वाढते व रक्त स्नायूंकडे धाव घेते, हे वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखविले. थंडी, जखम, विष अशा सर्वस्वी भिन्न आघातांना उंदराचे शरीर एकाच ठरावीक रीतीने उत्तर देते, त्याच्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस आक्रसते आणि जठरात व्रण पडतात, हे हान्स सेल्ये यांनी 1936 साली प्रसिद्ध केले. मेंदूतील हायपोथॅलॅमसपासून पिट्युटरीमार्गे अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जाणारी ही आज्ञा संकट टळताच मागे घेतली जावी, अशीच निसर्गाची योजना आहे. परंतु हप्ता दरमहा येतो, दाव्याची तारीख पुढे पुढे जाते, वरिष्ठांचा संदेश रात्री अकराला येतो. आज्ञा मागे घेतलीच जात नाही. मग मध्यरात्री ज्या कॉर्टिसॉलने नीचांकी असावे ते चढे राहते, यकृतातून शर्करा रक्तात उतरत राहते, पोटाभोवती मेद साठतो, रक्तदाब औषधांना दाद देईनासा होतो. मधुमेहाच्या उपचारांना वाहिलेली चेलाराम संस्था ज्या बावधनात आहे, तेथील सामान्य वैद्यकाने तरी साखरेचा आकडा वाढला की गोळी वाढविण्यापूर्वी रोगी रात्री किती वाजता झोपतो, हे विचारले पाहिजे.

सेवाशुश्रूषेचा भार वाहणाऱ्या स्त्रियांविषयी एक निरीक्षण आम्हांस विशेष चटका लावून गेले. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची सेवा करणाऱ्या 13 स्त्रियांच्या त्वचेवर अमेरिकेतील संशोधकांनी एक लहानशी, सारख्या आकाराची जखम केली असता ती भरून येण्यास तुलनेतील इतर स्त्रियांपेक्षा सरासरी 9 दिवस अधिक लागले, असे 1995 साली प्रसिद्ध झाले. आपल्या बाकावरील त्या सुनेची जखम लवकर का भरत नाही याचा विचार करताना आपण तिच्या रक्ताची परीक्षा करवितो. घरचे वृत्त मात्र विचारीत नाही.

कामाचा नुसता बोजा हे ताणाचे सर्वस्व नव्हे, हेही ध्यानी घ्यावयास हवे. आठवड्यास 55 तास वा अधिक काम करणाऱ्यांस पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी वाढतो, हा जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा 2021 मधील निष्कर्ष गंभीर आहेच. तथापि 1967 पासून ब्रिटिश सरकारी नोकरांची जी पाहणी झाली तीत हृद्रोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण वरिष्ठ अंमलदारांत कमी व खालच्या हुद्द्यांवर अधिक आढळले, आणि आपल्या कामावर आपला ताबा नसणे हे त्यामागील एक कारण असल्याचे पुढील पाहणीत दिसून आले. बावधनातील खातेदारास मोजणीच्या तारखेवर ताबा नाही, तरुणास बैठकीच्या वेळेवर नाही. अशा माणसास ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगणे हा इलाज नव्हे, आणि अल्प्राझोलामची गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवणे हा तर अपायच होय.

मग सामान्य वैद्यकाच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते, असे आमचे मत आहे, आणि त्यास गोमंतकातील एका चाचणीचा आधार आहे. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत, सरकारी आरोग्य केंद्रांतील चिंता व नैराश्याच्या रुग्णांपैकी प्रशिक्षित समुपदेशकांची मदत मिळालेले 65.9 टक्के सहा महिन्यांत बरे झाले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 42.5 टक्केच होते. खासगी दवाखान्यांत मात्र दोन गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, कारण नेहमीचे उपचार घेणारेही तेथे जवळजवळ तितकेच बरे झाले होते. याचा आमच्यापुरता अर्थ असा, की जो डॉक्टर रोग्यास नावाने ओळखतो, त्याच्या घरची माहिती ठेवतो आणि त्यास पुन्हा येण्यास सांगतो, त्याचा परिचय हेच एक औषध असते. नव्या वसाहतींत दर दोन वर्षांनी भाडेकरू पालटतात, तेथे हा परिचय आपोआप होणार नाही, तो हेतुपुरस्सर करून घ्यावा लागेल.

एक इशारा देणे अवश्य आहे. छातीत दुखते म्हणून आलेल्या चाळिशीच्या स्त्रीस ‘मनाचे आहे’ म्हणून परत पाठविणे हा अक्षम्य प्रमाद होय. हृदयालेख प्रथम, मनाची विचारपूस त्यानंतर. चरकसंहितेने रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे, ते त्याने रोग वाढतो म्हणून. ताण सापडला म्हणजे रोगाचा शोध संपला असे मानण्यास त्यातून आधार मिळत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावयाचे असते. कायद्याने जे मान्य केले ते आपल्या केसपेपरावर अद्याप उतरलेले नाही. आमची विनंती एवढीच, की येत्या महिन्यापासून प्रत्येक नव्या रोग्याच्या केसपेपरावर झोपेचे तास, कामाचे तास, घरी कोणाची शुश्रूषा चालू आहे आणि कर्ज वा दावा आहे काय, एवढे नोंदवावे. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते काय व आवडीच्या गोष्टींतला रस उडाला काय, हे दोन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर होकारार्थी आल्यास जीव देण्याचे विचार येतात काय हेही स्पष्टपणे विचारावे. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक मराठीतूनही विनामूल्य मदत देतो, तो प्रतीक्षालयात ठळक अक्षरांत लावावा. असे करताना आलेले अनुभव, रुग्णाचे नाव व ओळख वगळून, वाचकांनी आमच्याकडे लिहून पाठवावेत. पुढील अंकांत त्यांस आवर्जून जागा दिली जाईल.