सत्तर वर्षांचं पत्र



एच-वन-बीवर असताना नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. अशा वेळी चर्चमधलं कोणीतरी यिर्मया २९:११ फॉरवर्ड करतंच, देवाने तुमचं भलंच योजलंय या अर्थाचं. वचन सुंदरच आहे. पण त्याच्या आधीचं वचन कोणी पाठवत नाही. तिथे मुदत दिलीय, ७० वर्षं!

हे पत्र यरुशलेमहून बाबेलला कैद करून नेलेल्यांना लिहिलेलं. आदल्याच अध्यायात हनन्या 'दोन वर्षांत सगळे परत येतील' सांगून मोकळा झालाय. (ग्रीन कार्डच्या रांगेत असे हनन्या आपल्यालाही भरपूर भेटतात.) यिर्मया म्हणतो, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि त्या शहरासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी बरं का!

पेत्राचं पहिलं पत्रही विखुरलेल्या उपऱ्यांनाच आहे. तिथे आशा टेकलीय ती ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर, परतीच्या तारखेवर नाही. आणि शेवटचा सलाम चक्क 'बाबेल'मधूनच.

आमच्या प्रार्थनागटातल्या एकाची नोकरी मागच्या महिन्यात गेली. वहिनींनी तरीही परसात टोमॅटो लावलेत. जावाचं ओपनिंग कुठे असेल तर जरूर कळवा, ३४ दिवस उरलेत.