आहेराला सूट, उपचाराच्या मदतीला कर

स्वतःच्या विवाहात मिळालेला आहेर कितीही मोठा असला तरी त्यावर आयकर आकारला जात नाही. मात्र गंभीर आजाराच्या उपचारासाठी मित्र, शेजारी, सहकारी आणि अनोळखी दात्यांनी रुग्णाच्या बँक खात्यात जमा केलेली मदत आर्थिक वर्षात एकूण ५० हजार रुपयांच्या वर गेली, तर ती रुग्णाचे उत्पन्न समजली जाते. या मर्यादेच्या वरचा भाग तेवढाच करपात्र असतो, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. मर्यादा ओलांडताच संपूर्ण रक्कम करपात्र ठरते.

या तरतुदीमागे गरजूंकडून कर वसूल करण्याचा हेतू नव्हता. १९५८ च्या कायद्यान्वये आकारला जाणारा बक्षीस कर भेट देणाऱ्याने भरायचा असे. हा कर १ ऑक्टोबर १९९८ पासून रद्द झाला. त्यानंतर बेहिशेबी पैसा 'भेट' म्हणून दाखवण्याची वाट मोकळी राहिली. ती बंद करण्यासाठी जुलै २००४ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी कराचा भार भेट घेणाऱ्यावर टाकला. प्रारंभी २५ हजार रुपये असलेली मर्यादा २००६ मध्ये ५० हजार करण्यात आली आणि ती आजतागायत तेवढीच आहे. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ती कायम ठेवण्यात आली आहे. एवढ्या काळात रुग्णालयांची देयके कोठून कोठे गेली, याचा अनुभव बहुतेक कुटुंबांना आहे.

कायदा येथे मदत कशासाठी दिली यापेक्षा ती कोणी दिली हे पाहतो. पती-पत्नी, भावंडे, आई-वडील, मुले, काका, मामा, आत्या, मावशी आदी नातेवाइकांकडून आलेली रक्कम करमुक्त आहे. नोंदणीकृत धर्मादाय न्यास, रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि विविध निधी यांच्याकडून मिळालेल्या मदतीलाही सामान्यतः सूट आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून रुग्णाला साहाय्य मिळाले, तर कराचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु नातेवाइकांच्या या यादीत चुलत, मामे, आते आणि मावस भावंडे नाहीत. त्याहून विलक्षण बाब अशी की, मामाने भाच्याला दिलेले पैसे करमुक्त असतात. भाच्याने आजारी मामाला दिलेले मात्र नसतात, कारण व्याख्या घेणाऱ्याच्या बाजूने केली आहे आणि तिच्यात भाचा बसत नाही.

या नियमाचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो? ज्याचे अन्य उत्पन्न नाही अशा रुग्णाला अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी अनेक दात्यांकडून १५ लाख रुपये मिळाले, असे समजू. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करव्यवस्थेतील दरांनुसार त्याच्यावर उपकरासह १ लाख ९ हजार २०० रुपये कर येतो. संपूर्ण रक्कम रुग्णालयाला दिली गेली तरी ती वजा करता येत नाही. उपचाराचा खर्च हा उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला खर्च नव्हे, अशी त्यामागील भूमिका आहे. रुग्ण अज्ञान बालक असल्यास ही रक्कम सामान्यतः आई किंवा वडील यांपैकी ज्यांचे उत्पन्न अधिक, त्यांच्या उत्पन्नात मिळवली जाते. शिवाय दात्याने हे पैसे बहुधा स्वतःचा कर भरून उरलेल्या मिळकतीतून दिलेले असतात. व्यक्तीला थेट मदत केल्यास कलम ८० जी ची वजावटही त्याला मिळत नाही. म्हणजे एकाच रुपयावर दोनदा कर बसतो.

मदतीचा हेतू पाहून सूट देता येते, हे सरकारने कोविड महामारीच्या काळात दाखवून दिले. २५ जून २०२१ रोजी घोषित झालेल्या आणि २०२२ च्या वित्त कायद्याने अमलात आलेल्या निर्णयानुसार कोविडच्या उपचारासाठी मालकाकडून किंवा अन्य कोणाकडूनही मिळालेली मदत विहित अटींवर करमुक्त झाली. कोविडने मृत्यू आल्यास कुटुंबाला मालकाने दिलेल्या साहाय्यावर मर्यादा नव्हती, तर इतरांकडून १० लाख रुपयांपर्यंतची मदत करमुक्त होती. ही सवलत २०१९-२० या आर्थिक वर्षापासून पूर्वलक्षी प्रभावाने देण्यात आली. कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार किंवा जन्मजात दुर्मीळ आजार यांना मात्र अशी सवलत मिळाली नाही.

सरसकट सूट दिल्यास उपचाराच्या नावाखाली जुनीच पळवाट पुन्हा उघडेल, ही शंका निराधार नाही. पण कोविडच्या सवलतीसाठी वैद्यकीय अहवाल आणि खर्चाची कागदपत्रे मागितली गेली होती. तीच पद्धत अन्य गंभीर आजारांना का लागू होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर दिसत नाही. तूर्तास मदत उभी करणाऱ्यांपुढे सुरक्षित मार्ग एकच उरतो: वर्गणी रुग्णाच्या खात्यात न मागवता ती नोंदणीकृत न्यासामार्फत रुग्णापर्यंत पोहोचवणे. मोठ्या शहरांतील कुटुंबांना असा न्यास शोधता येतो. तालुक्याच्या गावी पतपेढीत खाते उघडून मदतीचे आवाहन करणाऱ्यांना ही तरतूद बहुधा आयकर खात्याची सूचना हाती पडल्यावरच कळते.